कोळंबीच्या कवचात साखरेवर उतारा आहे का?

प्रश्न : कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून केलेल्या कायटोसानने साखर उतरते म्हणतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी थांबवून ते घेऊ का?

मुळीच नको. कायटोसान हा न पचणारा तंतुमय पदार्थ. आतड्यात थोडी चरबी धरून ठेवतो, म्हणून वजन घटवायला खपवला जातो. काही छोट्या अभ्यासांत उपाशीपोटीची साखर थोडी खाली आली, पण औषधाची जागा घेण्याइतकी नाही. गोळ्या सोडल्याचं लगेच जाणवतही नाही. एचबीएवनसी या रक्तचाचणीत मागच्या सुमारे ३ महिन्यांच्या साखरेचा हिशेब निघतो, तेव्हा कळतं.

प्रश्न : गुडघ्यांसाठी ग्लुकोसामाईन हे कवचापासूनच केलेलं पूरक सुचवलंय. मला टाइप २ मधुमेह आहे. साखर वाढेल का?

ही भीती आली प्राण्यांवरच्या प्रयोगांतून. तिथे ते मोठ्या मात्रेत थेट शिरेतून दिलं होतं आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडला. माणसं ते तोंडाने घेतात, साधारण रोज १५०० मिलिग्रॅम. साखर आटोक्यात असलेल्यांच्या चाचण्यांत एवढ्या मात्रेने एचबीएवनसी फारसा हलला नाही. म्हणून सरसकट मनाई मी करत नाही. सुरू करण्याआधीचे आकडे लिहून ठेवा, पहिले काही आठवडे साखर जास्त वेळा तपासा. साखर आधीच वरखाली होत असेल, तर ती स्थिरावू द्या. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आता खरं सांगू? गुडघ्यांनाही याचा उपयोग होतोच असं नाही. निष्कर्ष संमिश्र आहेत. ३ महिन्यांत फरक वाटला नाही तर बंद करा. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचा गुडघ्याला आणि साखरेला, दोघांनाही फायदा.

प्रश्न : कोळंबी खाल्ली की अंगावर गांध्या उठतात. ही पूरकं चालतील?

ॲलर्जी मुख्यतः मांसातल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची असते, कवचाची नव्हे. तरी कधी ओठ सुजले असतील किंवा धाप लागली असेल, तर प्रयोग नको. बुरशीपासून किंवा मक्यापासून केलेलं ग्लुकोसामाईन मिळतं. क्रिल या छोट्या समुद्री जीवाचं तेल मात्र कोळंबीच्याच जातकुळीतलं, हे विसरू नका.

प्रश्न : कालवांच्या पावडरीतल्या जस्ताने इन्सुलिन वाढतं का?

स्वादुपिंडात इन्सुलिन जस्ताबरोबर साठवलं जातं, हे खरं. पण जास्त जस्त म्हणजे जास्त इन्सुलिन, असं गणित नाही. सगळं मिळून रोज ४० मिलिग्रॅमच्या वर दीर्घकाळ गेलात, तर शरीरातलं तांबं घटू शकतं.