हवालदाराला माहीत, आईला नाही

‘फाइल टाकली आहे, पण घरी अजून नीट बोललो नाही.’ जोडीदाराच्या व्हिसाचा अर्ज केलेली जोडपी माझ्याकडे समुपदेशनाला आली की कधीतरी हे वाक्य निघतंच. येतात मात्र वेगळ्याच तक्रारी घेऊन. झोप लागत नाही, सारखं मेल बघितलं जातं, नोकरी बदलावी की थांबावं, मूल आत्ता होऊ द्यावं का यावरून भांडणं. ‘व्हिसा येईपर्यंत आम्ही असंच टांगून राहायचं का?’ हा सगळ्यांचा प्रश्न. त्यातल्या एका जोडप्याची हकिकत त्यांच्या परवानगीने सांगते. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

अनिकेत कॅनडाचा नागरिक. शिकायला गेला, नोकरी लागली, यथावकाश तिथलं नागरिकत्व घेतलं. बाबांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा तिकडचं सगळं आवरून कोथरूडला आला आणि ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना इथे राहायची, काम करायची मुभा देणारं कार्ड) हिंजवडीत नोकरी करू लागला. मृणाल तिथेच भेटली. लग्नानंतर वर्षभरात ठरलं की टोरांटोच्या बाजूला जायचं. ठरलं ते दोघांत, रात्री, खोलीचं दार लावून.

कॅनडाचा नागरिक परदेशात राहत असला तरी नवऱ्याला किंवा बायकोला स्पॉन्सर करू शकतो, म्हणजे तिकडे कायमचं आणण्यासाठी अर्ज करू शकतो. नुसता पीआर, म्हणजे नागरिकत्व नसलेला कायमचा रहिवासी, असेल तर ही मुभा नाही, त्याला कॅनडात राहूनच अर्ज करावा लागतो. नागरिकाला एक गोष्ट मात्र दाखवावी लागते: जोडीदाराला पीआर मिळाल्यावर आपण खरोखर तिकडे राहायला जाणार आहोत. त्यासाठी नोकरीची बोलणी, घराची चौकशी, इथली आवराआवर कशी करणार याचा आराखडा असं काय काय जोडतात. अनिकेतने एक पत्रही लिहिलं होतं. त्यात शहर होतं, महिना होता, आणि ‘आई-वडिलांकडे माझी बहीण लक्ष देईल’ असं एक वाक्य होतं.

बहीण चिंचवडला राहते. तिला कोणी विचारलंच नव्हतं. आईने विषय काढला की अनिकेतचं उत्तर ठरलेलं, ‘बघू गं.’

मृणाल पहिल्यांदा एकटीच आली, झोपेची तक्रार घेऊन. टोरांटोचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिकडचं ऑफिस उघडतं तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा. म्हणजे रात्रभर ‘आत्ता कोणीतरी आपली फाइल बघत असेल’ असं वाटायला वाव. अडीच-तीनला उठून ती फोनवर अर्जाची स्थिती बघायची. तिला सगळ्यात भीती कशाची वाटते, असं विचारलं. नकाराची म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “मंजूर झाली तर आईंना काय सांगायचं?”

त्यानंतर मी दोघांना एकत्र बोलावलं.

अर्जाच्या मजकुराबद्दल मी सल्ला देत नाही. तो परवानाधारक सल्लागाराचा प्रांत, आणि कॅनडापुरतं बोलायचं तर असा सल्लागार खरा आहे का हे तिथल्या नियामक संस्थेच्या यादीत नाव शोधून पाहता येतं. नाक्यावरच्या एजंटाच्या भरवशावर राहू नये. याच अनिकेतला एका मित्राने सांगितलं होतं, ‘लिहून टाक रे, जायचं की नाही ते नंतर ठरव.’ अर्जात खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कॅनडाचा कायदा 5 वर्षं दार बंद करतो. मित्र काय, बोलून मोकळा.

मी अनिकेतला एवढंच विचारलं, की पत्रातला महिना घरात कोणाला माहीत आहे? तो बराच वेळ मृणालकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बाबांची तब्येत जरा सुधारली की सांगणार होतो.”

त्याला ती संधी मिळाली नाही. फाइलसाठी मृणालचं नव्याने पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे नावावर गुन्हा नसल्याचा दाखला, मागवलं गेलं. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात तिने अर्ज केला, पत्ता अर्थातच सासरचा. पडताळणीला पोलीस घरी आले तेव्हा दोघं हिंजवडीत. आईंनी दार उघडलं, पाणी दिलं, चहा केला. जाता जाता हवालदार सहज बोलून गेले, “सूनबाई कॅनडाला चालल्या वाटतं कायमच्या?”

आई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या, मुलाने गळ घातली म्हणून. खुर्चीत बसता बसताच म्हणाल्या, “जाऊ नको असं मी कधी म्हटलंय का, विचारा त्याला. हवालदाराला माहीत आणि आईला नाही?”

अनिकेतला वाटायचं, आई रडेल, बाबांचं बीपी वाढेल. अशा वेळी मुलं आई-वडिलांना फार नाजूक समजतात, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. काकू रडल्या नाहीत. त्यांनी पर्समधून वही काढली. तीत अटेंडंट पुरवणाऱ्या ब्यूरोंचे दर होते, दिवसाचे वेगळे, रात्रीचे वेगळे. बाबांना फिजिओथेरपीला नेताना रिक्षात कोण बसवणार? सोसायटीची लिफ्ट बंद पडली तर? बँकेचं ॲप मला कोण शिकवणार? रात्री ते पडले तर पहिला फोन कोणाला? प्रश्न लिहून आणले होते. मुलगा कधीतरी परत जाणार हे त्यांनी केव्हाच धरलं होतं, तयारी मात्र एकटीने चालली होती.

त्या दिवशी मी फारसं बोलले नाही. अनिकेत वहीतला एकेक प्रश्न वाचत गेला.

पुढच्या भेटीला बहीण आली आणि तिने भावाची चांगली हजेरी घेतली. “माझं नाव घातलंस, मला विचारलंस? शनिवार-रविवार येईन. रोज चिंचवडहून कोथरूड मला जमणार नाही.” हे ऐकायला कडू होतं, पण त्यामुळे व्यवस्था आखता आली: दिवसाचा अटेंडंट, शनिवार-रविवार बहीण, आणि रात्रीच्या फोनसाठी वरच्या मजल्यावरचे शेजारी, तेही आधी विचारून. पत्रातल्या त्या वाक्याचं काय करायचं ते सल्लागाराला विचारा, असं मी सांगितलं. त्याच्या सल्ल्याने त्यांनी बदललेला आराखडा कळवला.

बाबांना बोलायला वेळ लागतो. घरच्या बैठकीत त्यांनी एकच विचारलं, मृणाल मध्ये घरी येऊ शकेल ना? येऊ शकते. पीआर टिकवायला 5 वर्षांत 730 दिवस कॅनडात असावं लागतं, सलग राहायची सक्ती नाही. अनिकेत तर नागरिकच, त्याला तीही अट नाही. एवढी साधी माहिती त्या घरात पोहोचलीच नव्हती. कायमचं जाणं म्हणजे तोंड न दिसणं, असंच आई-बाबांनी धरलं होतं.

राहिले इतर प्रश्न. व्हिसा हातात येईपर्यंत नोकरी सोडू नये, असं मी सगळ्यांनाच सांगते. तारीख आपल्या हातात नसते आणि रिकामा दिवस मेलच्या भोवतीच फिरतो. मुलासाठीही फाइलची वाट बघायची गरज नाही. मधल्या काळात बाळ झालं तर ते कळवावं लागतं, लपवलं तर पुढे त्याला स्पॉन्सर करताना मोठी अडचण होते, पण बाळ झालं म्हणून अर्ज बाद होत नाही. आई-बाप व्हायची आपली तयारी आहे का, हे बघावं. मेलच्या बाबतीत आम्ही साधा नियम केला: दिवसातून एकदा, जेवणानंतर, दोघांनी मिळून. मृणालची झोप बरीचशी परत आली. ती त्या नियमामुळे आली की आईंना सगळं कळल्यामुळे, हे तिलाही सांगता येत नाही. माझं मत विचाराल तर दुसरं.

काही महिन्यांनी मंजुरी आली. पत्रात लिहिलेला महिना पाळता आला नाही, कारण पहिला अटेंडंट दोन आठवड्यांत पळाला आणि दुसऱ्याशी बाबांचं पटेना. तिसरा टिकला. मग कागदांवरच्या मुदतीच्या आत दोघं निघाले. अटेंडंटचे पैसे अनिकेत दर महिन्याच्या एक तारखेला पाठवतो, हिशेब काकू त्याच वहीत ठेवतात, आणि दिवाळीच्या बोनसवरून ब्यूरोशी त्यांची घासाघीस सध्या चालू आहे.