चांदीचा डॉलर घेण्याआधी

चि. भाचीस, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली मॉर्गन डॉलरची, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या नाण्याची, जाहिरात पाहिली. लाकडी पेटी, आत निळं मखमल, वर सोनेरी किनारीचं ‘अस्सलपणाचं प्रमाणपत्र’. अगं, ते विकणाऱ्यानेच छापलंय! संग्राहक ज्याला सर्टिफाइड म्हणतात ते निराळं. पीसीजीएस किंवा एनजीसी यांसारखी त्रयस्थ कंपनी नाणं तपासते, नाणं किती चांगल्या स्थितीत आहे याचा 1 ते 70 च्या पट्टीवर आकडा, म्हणजे ग्रेड, देते आणि क्रमांकासह प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करते. त्या डबीला स्लॅब म्हणतात. ती दिसत नसेल तर पेटी कितीही देखणी असो, पुढे बोलायचंच नाही.

स्लॅबही नकली निघतात हे लक्षात ठेव. क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घाल आणि तिथे फोटो असेल तर नाण्यावरच्या लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेच्या, गालावरचे ओरखडे ताडून बघ. मॉर्गन डॉलर हजार-हजारच्या पोत्यांत भरत, नाणी एकमेकांवर आपटत, त्यामुळे प्रत्येकीचा गाल आपापल्या तऱ्हेने खरचटलेला असतो.

पण खरी नजर कमवायची ती नाण्यावर. दिव्याखाली धरून हळूहळू तिरकं कर. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचे पट्टे मध्याभोवती गरगर फिरतात. कुणी हौसेने घासून चकचकीत केलं असेल तर ते फिरणं मरतं, उरतात बारीक रेघा आणि निर्जीव पांढरेपणा. अशा नाण्याला कंपनी आकडा न देता नुसतं ‘डिटेल्स’ लिहिते, आणि भाव पडतो. तेव्हा काळं पडलेलं नाणं चिंचेने किंवा रांगोळीने घासायचा मोह आवर. मागल्या बाजूला पुष्पचक्राखाली टांकसाळीची खूण असते, तीही बघ: सीसी म्हणजे कार्सन सिटी, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ओ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, फिलाडेल्फियाच्या नाण्यावर काहीच नसतं. न्यू ऑर्लिन्सचा ठसा बऱ्याचदा कच्चा बसलेला असतो. कानावरचे केस सपाट दिसले म्हणून नाणं झिजलंय असं लगेच ठरवू नकोस.

तुला 1893 चं एस हवंय, नाही का? ते 1 लाखच पाडलं होतं, म्हणूनच साध्या 1893 वर एस चिकटवून फसवणारे पुष्कळ. खऱ्या नाण्यावर ‘लिबर्टी’तल्या टी अक्षराच्या माथ्यावर एक बारीक, तिरकी, उठावदार रेघ असते. भिंग घेऊन बघच. आणि ते तुझं पहिलं नाणं नव्हे. पहिलं 1881 चं एस घे. भरपूर मिळतं, छाप सुरेख असते, हात बसायला त्याहून चांगलं नाही.

दुर्मिळ म्हणजे नेमकं काय, यावर जरा थांब. 1884 चं एस झिजलेलं हवं तेवढं मिळतं, पण कोरं असेल तर भाव आकाशाला भिडतो. उलट 1903 चं ओ 1962 पर्यंत भलतं दुर्मिळ समजलं जाई. मग सरकारी तिजोरीतून पोतीच्या पोती बाहेर आली आणि भाव कोसळला. मुळात किती नाणी पाडली या आकड्यावरही विसंबता येत नाही, कारण अमेरिकेच्या 1918 च्या पिटमन कायद्याखाली सुमारे 27 कोटी डॉलर वितळवले गेले. कुठले किती, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांनी घेतली ती हिंदुस्थानासाठी, कारण इथे महायुद्धात रुपयांचा तुटवडा पडला होता. मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे रुपये पडले. आजीच्या ट्रंकेतल्या राजाछाप रुपयात एखादा मॉर्गन विरघळलेला असेल, सांगता येत नाही! 1921 मध्ये मॉर्गन पुन्हा पाडले तेही याच वितळवलेल्यांची भरपाई म्हणून, आणि त्याच वर्षी पीस डॉलर हे नवं नाणं सुरू झालं.

भावाचं म्हणशील तर एका डॉलरात शुद्ध चांदी साधारण 24 ग्रॅम. झिजलेल्या, सर्रास मिळणाऱ्या सालाला चांदीच्या भावाहून थोडं जास्त दे, बस्स. त्याला ग्रेडिंगची फी भरणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. 64 आणि 65 या ग्रेडच्या दोन आकड्यांत कधीकधी किमतीची दरी पडते. तेव्हा 64 घेऊन गाल स्वच्छ असलेलं निवड, मी तरी तेच करतो.

त्या जाहिरातवाल्याला अजून पैसे पाठवले नसशील तर पाठवू नकोस. दुसरं काही डोळ्यांत भरलं तर स्लॅबचा क्रमांक आणि दोन्ही बाजूंचे फोटो मला धाड, रविवारी फोनवर बोलू.

तुझा,
मामा