घरगुती व्यवसायाचा हिशेब कसा ठेवावा? कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या सिडकोत घरूनच मसाले-पापड विकता, पैसे निम्मे रोख येतात, निम्मे तुमच्या बचत खात्यात, आणि महिनाअखेरीला काय उरलं ते कळत नाही.

सॉफ्टवेअर तूर्त राहू द्या. माझं अंबडला छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन. मी सुरुवातीलाच हौसेने टॅली घेतलं आणि चार महिने त्यात काहीच भरलं नाही. मग पावत्यांची पिशवी घेऊन बसलो तर २७ हजारांचा मेळ बसेना. कामावरच्या पोराचा संशय आला, याची आजही लाज वाटते. कारण पैसे मीच नेले होते. कधी पेट्रोलला दोनशे, कधी घरी जाताना भाजी, एकदा लग्नातला आहेर.

तेव्हापासून रोजमेळ लिहितो. सकाळची शिल्लक, दिवसभराची जमा, दिवसभराचा खर्च, रात्रीची शिल्लक, आणि मग गल्ला मोजायचा. फरक आला तर त्याच रात्री आठवतो. आठ दिवसांनी ब्रह्मदेवालाही आठवायचा नाही. घरी नेलेला रुपया 'उचल' म्हणून वेगळ्या रकान्यात लिहा, धंद्याच्या खर्चात घालू नका. उलट घरातले पैसे धंद्यात घातले तर तेही लिहा, ते तुमचं भांडवल.

बँकेत धंद्यासाठी वेगळं चालू खातं मात्र लगेच उघडा आणि क्यूआर त्याचाच लावा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

तुमच्या धंद्यात खरी गोम आहे ती मालाची. वर्षाची मिरची तुम्ही उन्हाळ्यातच भरत असणार. समजा एप्रिलमध्ये ४० हजारांची मिरची घेतली आणि महिन्यात १० हजारांचीच वापरली. सगळे ४० हजार एप्रिलच्या खर्चात धरले तर एप्रिलमध्ये तोटा दिसेल, आणि पुढे फुकटच्या मिरचीवर खोटा नफा. त्याच खोट्या नफ्याच्या भरात माणूस भाव कमी करतो. म्हणून महिनाअखेरीला डबे-पोती मोजून उरलेल्या मालाची खरेदीच्या भावाने किंमत लिहा. सुरुवातीचा माल अधिक खरेदी, वजा उरलेला माल, एवढाच त्या महिन्यात लागलेला माल. रविवार कारंज्याच्या बाजारातून काही आणलं तर बिल मागाच. कच्च्या चिठ्ठीवर निदान तारीख, वजन, भाव लिहून घ्या.

उधारीला गिऱ्हाइकागणिक एक पान. ओळखीच्यांचं आधी लिहा, तिथेच पैसे अडकतात.

कराचं थोडक्यात: फक्त माल विकत असाल आणि तोही राज्यातल्या राज्यात, तर जीएसटी नोंदणीची मर्यादा साधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या विक्रीची आहे. आयकरात छोट्या धंद्याला रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येतं. 'मग वह्या कशाला?' असं कुणीतरी सांगेलच. पण तो धरलेला नफा आयकर खात्यापुरता. पापडाच्या पाकिटामागे तुम्हाला खरंच किती सुटतात, ते त्यातून कळत नाही.

टॅली मी दोन वर्षांनी पुन्हा सुरू केलं. आता रविवारी रोजमेळ बघून बायको त्यात भरते, आणि वहीतल्या माझ्या उचलीखाली लाल पेनाने रेघ ओढते.