अंबरातला भुंगेरा: पहिलं वर्णन लिहिताना
मालवणात बसून अंबरात, म्हणजे झाडाच्या राळेच्या जीवाश्म खड्यात, अडकलेल्या भुंगेऱ्याचं वर्णन करायला घेताय, फार आनंद झाला. नवीन नाव काय द्यायचं ते सध्या बाजूला ठेवा.

१. खडा कुठला, ते आधी पक्कं करा. म्यानमारचं अंबर सुमारे ९.९ कोटी वर्षांचं, गुजरातेत वस्तानच्या लिग्नाइट खाणीतलं सुमारे ५ कोटींचं; तुलना कोणाशी करायची ते यावरच ठरतं.

२. खड्यावर ग्लिसरीनचा थेंब टाकून कव्हरस्लिप (सूक्ष्मदर्शकाची पातळ काच) ठेवा. बारीक ओरखडे दिसेनासे होतात, मग पायांच्या टोकांची पेरं मोजा. तिन्ही जोड्यांना ५-५-५, की मागच्या जोडीला ४? एवढ्यावर कितीतरी कुळं बाद होतात. पाय अंगाखाली दुमडलेला असेल तर सरळ ‘दिसत नाही’ लिहा. नवखे इथेच अंदाजाने आकडा भरतात आणि सगळं वर्णन डळमळतं. बुडबुडा किंवा पांढरट साय हाही अवयव समजला जातो, सांभाळा.

३. पॉलिशची घाई नको. घासलेलं परत येत नाही.

हात बसायला माडावरचा गेंडाभुंगा घ्या, त्याची पेरं साध्या भिंगानेही मोजता येतात. स्कॅनिंग वगैरे पुढे बघू. आधी वरून, खालून आणि बाजूने काढलेले फोटो दाखवा.