ताट वाजवलं की वळतो, मग बोलत का नाही?

"पोरगं तीन वर्षांचं होऊन गेलं जी, अजून 'माय' म्हणत नाही. आजी म्हणते, याचा बाप बी चौथ्या वर्षी बोलला. थांबून पाहावं का?" यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

थांबू नका. दोन वर्षांचं मूल 'पाणी दे', 'बाबा गेले' असे दोन शब्द जोडत नसेल, तर बापाचं बालपण बाजूला ठेवून आधी कान तपासायचे. या घरी तपासणी 'झाली' होती. पाठीमागे ताट वाजवलं, पोरगं वळलं, विषय संपला. घोळ इथेच होतो. ताट, ट्रॅक्टर, कुत्र्याचं भुंकणं अर्धवट ऐकणाऱ्यालाही कळतं. बोलण्यातले 'स', 'श'सारखे बारीक आवाज मात्र निसटतात. असं मूल हाकेला कधी ओ देतं, कधी नाही, आणि घरात हट्टी ठरतं. तोंड न दाखवता, मागून हळू हाक मारली तर? "नाही पाहत जी. समोर गेलं का मंग हासते."

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलं तपासायला अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. पोरगं आईसोबत वावरात असल्यानं दोन्ही खेपा हुकल्या होत्या. पण पथकाची वाट पाहायची गरज नसते. ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात (मुलांच्या वाढीतले दोष लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) जाता येतं.

तिथली पहिली खेप वाया गेली. बेरा या ऐकण्याच्या तपासणीत कपाळावर आणि कानामागे तारा चिकटवतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि मेंदूकडे जाणारा संकेत मशीनवर पाहतात. त्यासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं. हे पोरगं एसटीत दीड तास झोपलं आणि दवाखान्यात टक्क जागं! वर डोक्याला चापून तेल, त्यामुळे तारा चिकटेनात. दुसऱ्या वेळी रात्री उशिरा झोपवलं, पहाटे उठवलं, केस साबणानं धुतले आणि मामानं गाडीत त्याला खिडकीशी खेळवत जागं ठेवलं. झोपेचं औषध लागलंच तर ते तिथे डॉक्टर देतात, घरून पाजायचं नाही.

दोन्ही कानांत मध्यम दोष निघाला. (कान नीट निघाले असते, तर नजर, खेळ, बोट दाखवणं हे सारं त्याच केंद्रात तपासलं जातं.)

कानाची मशीन मिळाली, पण काम सुरू झालं ते त्यानंतर. पोरगं ती ओढून फेकायचं. म्हणून आधी जेवताना १५ मिनिटं, मग हळूहळू दिवसभर. पुढे मशीन शिट्टी मारू लागली, तर बापानं आवाजच कमी करून टाकला. चूक. कान वाढतो, मशीनचा कानात बसणारा साचा सैल होतो, म्हणून शिट्टी येते. साचा नवा करायचा. रात्री मशीन सिलिका जेलच्या पुडीसोबत झाकणाच्या डबीत ठेवायची. घामानं आणि पावसाळी ओलीनं ती बिघडते. बोलायचं ते हातभर अंतरावरून, टीव्ही बंद करून. सोबत वाणी उपचार.

दोन महिन्यांनी आईचा फोन: "बोलत नाही जी अजून. पण बकरी ओरडली का मागं पाहते." पुढची तारीख साच्याच्या मापाची दिली आहे.