चटईवर न टिकणारा मुलगा

"आठ वर्षांचा आहे, पण योगासनांना उभा केला की पाच मिनिटं टिकत नाही. चुळबुळ, रडारड, वर पोटात दुखतंय म्हणतो. याला एकाग्रतेचा काही त्रास तर नसेल?" कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका आईचा हा प्रश्न. पावसाळ्यात तो बऱ्याच घरांतून येतो. २१ जूनला शाळेत योग दिन होतो, पाठोपाठ घरात चटया येतात आणि जुलैत भांडणं. (कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

आधी एकाग्रतेचं बघू. अतिचंचलतेचं (एडीएचडी) निदान चटईवरून होत नाही. लक्षणं किमान सहा महिने टिकलेली, घर आणि शाळा दोन्हीकडे दिसणारी आणि वयाच्या बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात. 'कॅरमला तासभर बसतो की' हाही पुरावा नव्हे. आवडीच्या खेळात अतिचंचल मुलंही रमतात. म्हणून वर्गशिक्षिकेला विचारून यायला सांगितलं. वह्या पूर्ण असतात, गोष्ट शेवटपर्यंत ऐकतो, मारामारी बेताची. म्हणजे तक्रार होती ती सकाळी सहा ते पावणेसात एवढ्यापुरतीच.

मग त्या पाऊण तासाचाच हिशेब मांडला. वडील पहाटे गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरून म्हशीचं ताजं दूध आणतात. पोराला उठवलं की आधी तो मोठा पेला, आणि लगेच बारा सूर्यनमस्कार. एका नमस्कारात दोनदा पुढे वाकावं लागतं, म्हणजे बारांत चोवीस वेळा. साईचं दूध पोटात घेऊन मोठ्या माणसालाही मळमळेल. मुलगा खोटं बोलत नव्हता.

दुसरी गोष्ट आईच्याच वहीतून निघाली. त्यांना सांगितलं होतं, "ताई, एक दिवस काही बदलू नका, फक्त तुम्ही काय काय बोलता ते लिहून ठेवा." पानभर निघालं: 'गुडघा वाकलाय. हसू नको. श्वास सोड की! मावशीची पोरगी बघ कशी करते.' स्वतः ताई मोबाईलवर व्हिडिओ धरून उभ्या, वडील आंघोळीला, आणि तरुणपणी तालमीत जाणारे आजोबा खुर्चीतून, "आमच्या वक्ताला पोरं शंभर जोर मारायची, ह्येला बारा हून न्हाईत." तिघांपैकी आसन कुणीच करत नव्हतं. परीक्षक तीन आणि विद्यार्थी एक, तिथे कुठलं मूल टिकेल?

बदल मोजके केले. वेळ संध्याकाळी साडेसहाची, खेळून आल्यावर थोडं टेकून, जेवणाआधी. पाच वाजता पोळीचा रोल किंवा केळं चालतं. नंतर निदान तासभर काही नाही, आणि भरपेट जेवण झालं असेल तर तीन तास. दूध रात्री. कालावधी बारा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. शहाबादी फरशीवर गुळगुळीत चटई सरकते आणि मूल पडायच्या भीतीनेच अंग आवळून घेतं, म्हणून जाड सतरंजी घातली. तोल सांभाळायची आसनं अनवाणी, कोरड्या फरशीवर.

क्रम असा ठरला: ताडासन, भिंतीजवळ वृक्षासन, मार्जारासन, भुजंगासन, शशांकासन आणि शेवटी शवासन. प्रत्येक स्थिती तीन ते पाच श्वास, तेही स्वतःच्या गतीने. 'घे-सोड'चा गजर बंद, कारण मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद असतो. आईच्या गतीने घ्यायला लावला की ती श्वास कोंडून धरतात. वृक्षासनात तळपाय गुडघ्यावर टेकवायचा नाही. घोट्याजवळ ठेवावा, जमलं तर मांडीच्या आतल्या बाजूला. डोलू लागला तर नजर समोरच्या एका खिळ्यावर. भुजंगासनात सगळी मुलं हातांनी ढकलून कंबर मोडेपर्यंत वर जातात. कोपरं बरगड्यांशी आणि बेंबी जमिनीवर राहिली की उंची आपोआप बेताची होते.

पाठ दाबून डोकं गुडघ्याला लावणं, पद्मासनासाठी पाय ओढणं हे पालकांनी करूच नये. वाढत्या वयात हाडं भराभर लांबतात, स्नायू मागे राहतात, म्हणून काही महिने मूल एकदम ताठर वाटतं. तो आळस नव्हे. शीर्षासन, जोरकस कपालभाती, श्वास रोखून धरणं या वयात घरच्या घरी नको. त्याऐवजी पाच वेळा भ्रामरी पुरे, आणि ती मुलांना आवडतेही. मधमाशी कुणाला नको असते?

सगळ्यात जास्त ओढाताण झाली ती मोठ्यांनी चुका काढणं थांबवण्यावर. नियम असा घातला की मोठ्यांनी सोबत करायचं आणि पूर्ण वेळेत एकच दुरुस्ती सांगायची, तीही दुखापत होण्यासारखं असेल तरच. मंगळवारी आणि शुक्रवारी मुलगा शिक्षक. त्या दिवशी तो वडिलांचा गुडघा सरळ करवतो आणि त्यातच स्वतःचा क्रम पाठ होतो. धाकटी चार वर्षांची बहीण मधेच मांजर होऊन फिरते, तिला फिरू द्यायचं. तिच्याकडून आसनाची अपेक्षा ठेवणं हा निव्वळ मोठ्यांचा हट्ट.

महिन्याने परिस्थिती बरी होती, आदर्श नव्हती. रडणं आणि पोटदुखी थांबली. डाव्या पायावरचं वृक्षासन अजून डगमगतं. शवासन त्याला अजिबात नको असतं, म्हणून पोटावर छोटी वही ठेवून ती वर-खाली होताना बघायची, एक मिनिट, बस. गणपतीत आठ-दहा दिवस सगळं बंद पडलं. परत सुरू करताना पहिले दोन दिवस पाचच मिनिटं ठेवायला सांगितलं. पोटदुखी रात्री झोपेतून उठवत असती, उलट्या होत असत्या किंवा वजन घटत असतं, तर वेळ बदलत न बसता थेट बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

आजोबांचा प्रश्न तेवढा उरला होता, "सूर्यनमस्कार कवा?" दिवाळीनंतर, उपाशीपोटी, दोनच, सावकाश. गुडघे वाकले तरी चालतील, टाचा नाही टेकल्या तरी चालतील. आठवड्याला एक वाढवायचा, सहावर थांबायचं. आणि मोजणी आजोबांनी करायची, पण खुर्चीत बसून हात वर ताणत, त्याच्यासोबत.