बेसचं पॅराशूट घेण्याआधी

भावा, हरिहरचा कडा बघून पाय शिवशिवतात, कळतं. पण खरेदी आत्ताच नको. आधी विमानातून दोनशेक उड्या होऊ देत, मग बेसचा, म्हणजे कडे-इमारतींसारख्या स्थिर जागेवरून पॅराशूट घेऊन उडी मारण्याचा, कोर्स कर.

स्कायडायव्हिंगचंच पॅराशूट चालवून घेऊ, ही नवख्यांची नेहमीची चूक. ते लहान, वेगवान आणि सावकाश उघडणारं. कड्यावरून तेवढा वेळच मिळत नाही. बेसमध्ये राखीव पॅराशूटही नसतं. म्हणून सात कप्प्यांचं (कापडात हवा भरणारे कप्पे), मोठं, शांत उतरणारं घे. माप ठरवताना हेल्मेट-बुटांसकट वजन धर.

कंटेनर, म्हणजे पॅराशूट घडी करून ठेवायची पाठीवरची पिशवी, त्याच मापाचा हवा. मी स्वस्तात जुना घट्ट कंटेनर घेतला होता, गुडघा रोवून बंद करायचो! जुनं घेतलंस तर टाके, दोऱ्या बोटांनी चाचप.

पायलट शूटची, म्हणजे मोठं पॅराशूट ओढून बाहेर काढणाऱ्या छोट्या पॅराशूटची, मापं कोर्सात शिकवतील.